बॅटरी कुठे बनते आणि ती बनवता कुणाला येते

शेलेफ्तेओ हे उत्तर स्वीडनमधले छोटे शहर आहे. जलविद्युत तिथे मुबलक आणि स्वस्त मिळते, म्हणून २०१६ मध्ये स्थापन झालेल्या नॉर्थव्होल्ट या कंपनीने आपला पहिला मोठा बॅटरी कारखाना तिथे उभारायचे ठरवले. संस्थापक पीटर कार्लसन हे टेस्लाच्या पुरवठा साखळीचे प्रमुख राहिलेले गृहस्थ होते. भांडवल, कर्जे आणि सरकारी पाठबळ मिळून सुमारे १५ अब्ज डॉलर उभे राहिले. युरोपातल्या बड्या मोटार कंपन्यांनी कारखाना पूर्ण होण्याआधीच मागण्या नोंदवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये तिथला पहिला सेल, म्हणजे बॅटरीचा मूळ घटक, तयार झाला, तेव्हा युरोपने आशियावरचे अवलंबित्व संपवण्याच्या दिशेने पाऊल टाकले असे सर्वत्र लिहिले गेले. पुढच्या सव्वातीन वर्षांत चित्र पालटले. सेल ठरलेल्या दर्जाचे आणि ठरलेल्या संख्येने बाहेर पडेनात. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने २ अब्ज युरोंची मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि या कारखान्याच्या भरवशावर शाळा, घरे, रस्ते वाढवणाऱ्या त्या शहराचे सारे हिशेब कोलमडले.

या अपयशातून दोन सोपे निष्कर्ष काढले जातात आणि ते दोन्ही मला अपुरे वाटतात. पहिला असा की बॅटरी बनवणे हे चीन, कोरिया आणि जपान यांचेच काम आहे, इतरांनी तिच्या नादी लागू नये, स्वस्तात मिळते ती विकत घ्यावी. दुसरा असा की पैसा कमी पडला, सरकारने आणखी ओतायला हवा होता. नॉर्थव्होल्टकडे पैसा होता, वीज होती, ग्राहक होते आणि राजकीय सदिच्छाही होती. प्रचंड वेगाने, हजारो किलोमीटर लांबीच्या पातळ धातूपत्र्यावर, दिवसेंदिवस तीच गोष्ट न चुकता करण्याची सवय मात्र तिथे पुरेशी मुरलेली नव्हती. स्थानिक बॅटरी उद्योगाच्या चर्चेत ही सवय सर्वांत कमी मोजली जाते, आणि माझ्या मते सार्वजनिक पैशाचा पहिला हक्क तिचाच आहे.

‘स्थानिक बॅटरी’ म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवले पाहिजे, कारण या शब्दाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात. साखळीच्या एका टोकाला खाण आहे. तिथून लिथियम, निकेल, कोबाल्ट, मँगनीज, फॉस्फेट, ग्राफाइट बाहेर पडते. ते शुद्ध करून त्यांची बॅटरीच्या दर्जाची रसायने बनवली जातात. त्या रसायनांपासून कॅथोड आणि ॲनोड, म्हणजे सेलचे धन आणि ऋण इलेक्ट्रोड, यांची भुकटी तयार होते. ती भुकटी धातूच्या पत्र्यावर चढवून सेल बनतो. अनेक सेल एकत्र जोडून, त्यांना थंड ठेवण्याची आणि त्यांच्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था बसवून पॅक बनतो आणि पॅक वाहनात जातो. यांतली शेवटची पायरी, म्हणजे तयार सेल आणून पॅक जुळवणे, ही तुलनेने लवकर साध्य होते. त्यामुळे बहुतेक देशांत उद्घाटने तिथूनच सुरू होतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. पॅक जुळवण्यातही अभियांत्रिकी आहे, उष्णतेचे नियोजन आणि नियंत्रणाची संगणकप्रणाली ही कौशल्याची कामे आहेत, त्यांना मी कमी लेखत नाही. तरीही पॅकच्या किमतीतला मोठा वाटा सेलचा असतो आणि सेलच्या खर्चातला साधारण दोन तृतीयांश भाग त्यात जाणाऱ्या सामग्रीचा असतो. याचा अर्थ, सेल आणि सामग्री बाहेरून आणून पॅक जुळवणारा देश मूल्याचा छोटा भाग आपल्याकडे ठेवतो आणि शिकण्याचा त्याहूनही छोटा.

सेलच्या कारखान्यात काय चालते, हे थोडे तपशिलाने पाहायला हवे, कारण धोरणाचा सारा प्रश्न त्या तपशिलात दडलेला आहे. कॅथोडची भुकटी, वीज वाहून नेणारा कार्बन आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक यांचा द्रावकात खळीसारखा लगदा करतात. तो ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर एकसारख्या जाडीने पसरतात. ॲनोडसाठी ग्राफाइटचा लगदा तांब्याच्या पत्र्यावर पसरतात, आणि हा तांब्याचा पत्रा अनेकदा सहा ते आठ मायक्रॉन इतकाच जाड असतो. मग लांबलचक भट्टीतून तो वाळवत नेतात, जड रुळांखाली दाबतात, पट्ट्यांत कापतात. दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये सच्छिद्र प्लॅस्टिकचा विभाजक पडदा ठेवून त्यांची गुंडाळी किंवा थप्पी करतात. यापुढची कामे ज्या खोलीत होतात तिथली हवा वाळवंटापेक्षाही कितीतरी कोरडी ठेवावी लागते, कारण इलेक्ट्रोलाइटमधल्या, म्हणजे दोन इलेक्ट्रोडांमध्ये आयन वाहून नेणाऱ्या द्रवातल्या, लिथियमच्या क्षाराला पाण्याचा अंशही सहन होत नाही. इलेक्ट्रोलाइट भरल्यावर सेलला पहिल्यांदा हळूहळू चार्ज करतात. त्या पहिल्या चार्जिंगमध्ये ॲनोडवर एक अतिसूक्ष्म थर जमतो आणि तो कसा जमला यावर सेलचे आयुष्य ठरते. त्यानंतर सेल कित्येक दिवस नुसते ठेवून त्यांच्यावर नजर ठेवली जाते. सकाळी लगद्यात झालेली चूक अशा रीतीने दोन-तीन आठवड्यांनी उघडकीस येते आणि तोवर त्याच चुकीचे लाखो सेल रांगेत उभे राहिलेले असतात.

म्हणूनच या धंद्यातली माणसे कारखान्याची क्षमता नंतर विचारतात, आधी यील्ड विचारतात, म्हणजे बनलेल्या शंभर सेलपैकी विकण्याजोगे किती निघाले ते. नव्या कारखान्यात सुरुवातीला शंभरातले तीस किंवा त्याहूनही अधिक सेल भंगारात जाणे हे नवल नाही. साधा हिशेब करून पाहावा. यील्ड ९५ टक्के असेल तर एका चांगल्या सेलमागे साधारण १.०५ सेलांची सामग्री खर्ची पडते. यील्ड ७० टक्के असेल तर १.४३ सेलांची. सामग्रीवरचा खर्च एक तृतीयांशाहून अधिक वाढतो, आणि बॅटरीच्या बाजारात इतका फरक झाकू शकेल असे अनुदान कोणतेही सरकार फार काळ देऊ शकत नाही. जमीन फुकट दिली, वीज सवलतीत दिली, आयातशुल्क लावले, तरी हा खड्डा भरत नाही. तो फक्त यंत्राशेजारी उभ्या असलेल्या माणसाला ‘आज पत्र्याच्या डाव्या कडेला लेप किंचित जाड का पडतो आहे’ हे कळू लागल्यावरच भरतो.

दर्जाची दुसरी बाजू याहून कठोर आहे. एका मोटारीत शंभर मोठे सेल आहेत आणि दहा लाखांत एकच सेल सदोष निघतो असे समजू. तरीही दर दहा हजार मोटारींपैकी एकीत सदोष सेल जातो. वर्षाला २० गिगावॉट-तास बॅटऱ्या बनवणारा कारखाना ५० किलोवॉट-तासांचा पॅक धरला तर चार लाख मोटारींना पुरतो, म्हणजे अशा चाळीस मोटारी दरवर्षी रस्त्यावर येतात. ही भीती काल्पनिक नाही. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्ट या मोटारीत आग लागण्याच्या घटनांनंतर २०२१ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. तपासात दोन दोष सापडले. ॲनोडची पट्टी कुठेतरी फाटलेली होती आणि विभाजक पडद्याला घडी पडलेली होती. हे दोन्ही दोष एकाच सेलमध्ये एकत्र आले की धोका निर्माण होत होता. सेल पुरवणाऱ्या एलजीला त्यापोटी १.९ अब्ज डॉलरपर्यंतची भरपाई मान्य करावी लागली. एलजी ही या क्षेत्रातली जुनी, जाणती कंपनी आहे. तिला जी चूक टाळता आली नाही ती नवख्या कारखान्याला सहज टाळता येईल, असे गृहीत धरून मुदती आखणे हे कामगारांवर आणि वाहन वापरणाऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

मग पूर्व आशियाला हे कसे जमले? इतिहास पाहिला तर ज्ञान एका देशातून दुसऱ्या देशात कसे जाते आणि कुठे जाऊन मुरते, याचे उत्तर मिळते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना मिळाले. तिघांपैकी दोघांचे काम मुख्यतः अमेरिका आणि ब्रिटन इथे झाले होते, पण बॅटरी विकण्याजोगी केली ती जपानी कारखान्यांनी, कारण छोट्या कॅमेऱ्यांसाठी आणि संगणकांसाठी तिची गरज त्यांना होती. आज स्वस्त मोटारींत सर्वाधिक वापरले जाणारे लिथियम आयर्न फॉस्फेट हे रसायनही टेक्सास विद्यापीठात गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आले आणि त्याविषयीचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पेटंट अमेरिका आणि कॅनडा यांच्याकडे राहिले, आणि प्रत्यक्ष उत्पादनाचे कौशल्य चीनमध्ये वाढले. शोध कुठे लागला यावर उद्योग कुठे वसतो हे ठरत नाही, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

त्याच रसायनावर अमेरिकेतही कंपनी उभी राहिली होती. २००१ मध्ये स्थापन झालेल्या ए१२३ सिस्टिम्सला २००९ मध्ये अमेरिकी सरकारने २४.९ कोटी डॉलरचे अनुदान दिले. मिशिगनमध्ये तिचे कारखाने उभे राहिले. विद्युत मोटारींची मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, त्यातच एका कारखान्यातल्या वेल्डिंग यंत्राची जुळणी चुकल्याने सदोष सेल बाहेर गेले आणि ते बदलून देण्याचा बोजा कंपनीला पेलवला नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली आणि पुढे ती चीनच्या वानशियांग समूहाने विकत घेतली. पैसा एकदा दिला गेला होता. चुकीतून सावरण्याइतका वेळ आणि माल घेणारा ग्राहक, हे दोन्ही नव्हते.

चीनमध्ये नेमके हेच दोन घटक होते. निंगदे शहरातली सीएटीएल ही कंपनी २०११ ची आहे, पण तिची मुळे १९९९ मध्ये स्थापन झालेल्या एटीएल या कंपनीत आहेत. एटीएलने अमेरिकेतल्या बेल लॅब्सकडून तंत्रज्ञानाचा परवाना घेतला, त्यातले सेल फुगत होते, आणि तो दोष एटीएलच्या माणसांनी स्वतः खपून दूर केला. बीवायडी या दुसऱ्या चिनी कंपनीने १९९५ मध्ये भ्रमणध्वनीच्या बॅटऱ्यांपासून सुरुवात केली होती. म्हणजे मोटारींची वेळ येण्याआधी या कंपन्यांचा छोट्या बॅटऱ्यांवर दशक-दीड दशकांचा हात बसलेला होता. २००९ पासून सरकारने विद्युत वाहनांना अनुदान सुरू केले आणि २०१५ पासून मान्यताप्राप्त बॅटरी उत्पादकांची यादी जाहीर केली. त्या यादीबाहेरच्या बॅटरीच्या वाहनाला अनुदान मिळणे अवघड झाले आणि कोरियन कंपन्या प्रत्यक्षात बाहेर राहिल्या. २०१९ मध्ये ही यादी रद्द झाली. तोवर देशी कंपन्यांना संरक्षणाची गरज उरली नव्हती. हे धोरण परकीय कंपन्यांच्या दृष्टीने अन्यायकारक होते, याबद्दल मला शंका नाही. पण त्यात ठरावीक काळ होता, देशांतर्गत कंपन्यांमध्ये जीवघेणी स्पर्धा होती आणि सेलच्या आसपास पत्रा, पडदा, इलेक्ट्रोलाइट, लेप चढवण्याची यंत्रे बनवणाऱ्या शेकडो पुरवठादारांचे जाळे वाढू दिले गेले होते. संरक्षणाची भिंत तेवढी उचलून आणणारे देश या तीन गोष्टी मागे सोडून येतात.

इथे एक आक्षेप गंभीरपणे ऐकला पाहिजे. बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत २०१० मध्ये प्रति किलोवॉट-तास हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये ब्लूमबर्ग एनईएफ या ऊर्जा-संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार ११५ डॉलरवर आली. ही घसरण मोठ्या प्रमाणात चिनी कारखान्यांच्या आकारामुळे आणि स्पर्धेमुळे झाली आहे. हवामानबदलाच्या दृष्टीने हा मानवजातीला मिळालेला मोठा लाभ आहे. मग प्रत्येक देशाने महागडा कारखाना उभारून वाहने महाग का करायची? या आक्षेपात तथ्य आहे. त्याला ‘राष्ट्रीय सुरक्षा’ हा एकच शब्द उत्तर म्हणून फेकणे मला पटत नाही. तेलाचा पुरवठा थांबला तर रस्त्यावरची वाहने काही आठवड्यांत उभी राहतात. बॅटरीचा पुरवठा थांबला तर नवी वाहने बनणे थांबते, जुनी चालतच राहतात. बॅटरी हे इंधन नाही, ती यंत्र आहे. तिच्यावरचे अवलंबित्व तेलावरच्या अवलंबित्वाइतके घातक नाही, आणि तसे भासवून घाईघाईत घेतलेले निर्णय महाग पडतात.

तरीही धोका शून्य नाही. ॲनोडसाठी लागणाऱ्या ग्राफाइटच्या प्रक्रियेत चीनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे. १ डिसेंबर २०२३ पासून चीनने काही ग्राफाइट उत्पादनांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. जुलै २०२५ मध्ये कॅथोड सामग्री बनवण्याच्या आणि लिथियमवर प्रक्रिया करण्याच्या काही तंत्रज्ञानांची निर्यातही परवान्याखाली आणली. हा दुसरा निर्णय मला अधिक बोलका वाटतो. चीन सेल विकायला तयार आहे, परदेशात कारखाने उभारायलाही तयार आहे. त्याने कुंपण घातले ते सेलच्या आधीच्या पायरीभोवती, सामग्रीच्या ज्ञानाभोवती. कुणाला काय राखावेसे वाटते, यावरून साखळीत मोल कशाला आहे हे कळते.

स्थानिक बॅटरी उद्योगाचे खरे समर्थन म्हणूनच वेगळे आहे. विद्युत मोटारीच्या किमतीत बॅटरीचा वाटा साधारण तिसरा हिस्सा असतो. ज्या देशांत लाखो लोकांचे पोट इंजिन आणि गिअरबॉक्स बनवण्यावर चालते, तिथे इंजिन गेल्यावर त्या जागी काहीच आले नाही तर तो तोटा स्वस्त बॅटरीने भरून निघत नाही. शिवाय बॅटरी मोटारीपुरती राहिलेली नाही. वीजजाळ्यात सौर आणि पवन ऊर्जा साठवण्यासाठी, बस, ट्रक, बोटी, दुचाक्या या सर्वांसाठी तीच लागणार आहे. एवढ्या विस्तृत वापराच्या वस्तूबद्दल देशात कुणालाच सखोल समज नसणे, तिच्यात बिघाड झाल्यावर कारण सांगणारी प्रयोगशाळा नसणे, विकत घेताना तिचा दर्जा पारखणारा माणूस नसणे, ही दुर्बलता आहे. उत्पादन केल्याशिवाय ती समज येत नाही.

खाणीच्या बाबतीत मात्र उत्साह आवरायला हवा. आपल्या भूमीत लिथियम सापडल्याची बातमी आली की बॅटरीचे स्वावलंबन हाताशी आल्यासारखे बोलले जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतात जम्मू-काश्मीरमधल्या रियासी इथे ५९ लाख टन लिथियमयुक्त साठ्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला, तेव्हाही असेच झाले. पुढे त्या साठ्याच्या लिलावाला पुरेसे बोलीदार मिळाले नाहीत. जमिनीतला अंदाज आणि बॅटरीच्या दर्जाचे लिथियम कार्बोनेट यांच्यात वर्षांचे, रसायनशास्त्राचे आणि भांडवलाचे अंतर असते. काँगोमधून जगातले सत्तर टक्क्यांहून अधिक कोबाल्ट निघते, पण त्याचे शुद्धीकरण मुख्यतः चीनमध्ये होते. इंडोनेशियाने २०२० पासून कच्च्या निकेलच्या निर्यातीवर बंदी घातली आणि शुद्धीकरण आपल्याकडे खेचून आणले. ही धाडसी खेळी बऱ्याच अंशी यशस्वी झाली, मात्र भांडवल आणि तंत्र बहुतांश चिनी कंपन्यांचे राहिले आणि त्या भट्ट्यांना वीज पुरवण्यासाठी कोळशावरची केंद्रे उभी राहिली. त्याच काळात बाजार निकेल नसलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेटकडे वळला आणि २०२४ पर्यंत जगातल्या विद्युत मोटारींच्या बॅटऱ्यांत त्याचा वाटा निम्म्याच्या जवळ पोहोचला. लिथियमच्या किमतीचा झोका तर त्याहून मोठा. चीनमध्ये लिथियम कार्बोनेट २०२२ च्या अखेरीस टनाला सुमारे ६ लाख युआनपर्यंत चढले आणि साधारण वर्षभरात एक लाख युआनच्या आसपास उतरले. अशा बाजारात देशाचे भवितव्य एका खनिजावर लावणे धोक्याचे आहे. खनिज जगाच्या बाजारातून, अनेक देशांकडून, दीर्घ मुदतीच्या करारांनी घेता येते.

लक्ष द्यायला हवे ते मधल्या पायरीकडे. कॅथोड आणि ॲनोडची सामग्री, इलेक्ट्रोलाइट, पत्रा, पडदा या वस्तूंची उद्घाटने दिमाखदार होत नाहीत. त्यांत रोजगार सेलच्या कारखान्यापेक्षा कमी दिसतो, मोटारीवर त्यांचे नाव येत नाही. पण ज्या देशाला रसायन उद्योगाची परंपरा आहे त्याला इथे प्रवेश सोपा आहे, आणि एका कारखान्याची सामग्री देशातल्या व देशाबाहेरच्या अनेक सेल उत्पादकांना विकता येते. एकाच मोटार कंपनीच्या भरवशावर उभा असलेला सेल कारखाना त्या कंपनीबरोबर बुडतो. सामग्रीचा कारखाना तसा बुडत नाही. जागतिक साखळीत टिकायचे तर सगळे स्वतः बनवण्याच्या हट्टापेक्षा इतरांना ज्याच्यावाचून अडेल असे काहीतरी उत्तम बनवणे अधिक शहाणपणाचे आहे. मोरोक्कोकडे फॉस्फेटचे जगातले सर्वांत मोठे साठे आहेत आणि तिथे लिथियम आयर्न फॉस्फेटच्या दिशेने गुंतवणूक येते आहे, ही अशा निवडीची सुरुवात म्हणता येईल. ती कुठवर जाते, हे मोरोक्कन अभियंते त्या कारखान्यांत कोणत्या जागांवर पोहोचतात यावर ठरेल.

सरकारी पैसा कसा द्यावा, याचे उत्तर यातूनच मिळते. भांडवली अनुदान कारखाना उभा राहण्याआधी मिळते, त्यामुळे इमारती उभ्या राहतात. प्रत्यक्ष विकलेल्या चांगल्या सेलवर दिलेले प्रोत्साहन यील्ड सुधारणाऱ्यालाच लाभते. अमेरिकेच्या २०२२ च्या कायद्यात सेलसाठी प्रति किलोवॉट-तास ३५ डॉलर आणि इलेक्ट्रोड सामग्रीसाठी उत्पादनखर्चाच्या १० टक्के अशी करसवलत ठेवली गेली. सामग्रीला स्वतंत्र स्थान दिले, हे त्यातले मला सर्वांत योग्य वाटते. पण त्याच अमेरिकेने २०२५ मध्ये मोटार खरेदीवरची सवलत सप्टेंबरअखेर बंद केली आणि मागणीचा पाया हलवला. दहा वर्षांच्या उद्योगाला तीन वर्षांचे धोरण पुरत नाही. भारताने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची, ५० गिगावॉट-तासांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली. तिची रचना उत्पादनावर बेतलेली होती हे बरोबर होते, परंतु सेल कधी न बनवलेल्या बोलीदारांना मोठी क्षमता आणि कमी मुदत देऊन बांधून घेतले गेले, आणि ठरलेल्या मुदतीत त्यातला फारच थोडा भाग उभा राहिला. एक-दोन गिगावॉट-तासांची लहान उत्पादन-रांग आधी चालवून दाखवावी, यील्ड ठरलेल्या पातळीवर आणावे आणि मगच मोठ्या क्षमतेचे पैसे मिळावेत, अशी पायऱ्यांची अट असती तर आज निदान शिकलेली माणसे तरी हाती असती.

शिकलेल्या माणसांचा मुद्दा मी पुन्हा आणतो, कारण धोरणपत्रिकांत तो एखाद्या ओळीत उरकला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई आणि एलजी यांच्या बांधकामाधीन बॅटरी कारखान्यावर स्थलांतर अधिकाऱ्यांनी धाड घातली आणि सुमारे ४७५ लोकांना ताब्यात घेतले. त्यांत तीनशेहून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते. कोरियात संताप उसळला आणि अमेरिकेत व्हिसाच्या नियमांवर वाद झाला. त्या वादात एक साधी गोष्ट सर्वांना दिसली. यंत्रे बसवणारी, त्यांची जुळणी करणारी माणसे स्थानिक पातळीवर नव्हती आणि ती बाहेरून आणल्याशिवाय कारखाना सुरू होणे शक्य नव्हते. यात कमीपणा नाही. प्रत्येक देश असाच शिकला आहे. प्रश्न एवढाच की आलेला तज्ज्ञ दोन वर्षांनी परत जाताना त्याचे काम कुणाच्या हाती सोपवून जातो.

परदेशी कंपनीशी होणारा करार याच कसोटीवर तपासावा. सीएटीएल हंगेरीतल्या डेब्रेसेन इथे सुमारे ७.३ अब्ज युरोंचा, १०० गिगावॉट-तासांचा प्रकल्प उभारत आहे. फोर्डने मिशिगनमधल्या मार्शल इथे दुसरी वाट धरली. कारखाना फोर्डच्या मालकीचा आणि तंत्रज्ञान सीएटीएलकडून परवान्याने घेतलेले. दोन्हींवर टीका झाली आहे. डेब्रेसेनमध्ये पाण्याच्या वापरावरून आणि प्रदूषणाच्या भीतीने स्थानिकांनी तीव्र विरोध केला. ती भीती अनाठायी नाही, कारण द्रावकांची हाताळणी, कोरड्या खोल्यांसाठी लागणारी वीज, सांडपाणी हे सगळे त्या परिसरालाच सोसावे लागते. तरी मालकी कुणाची यापेक्षा मला काही वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. स्थानिक अभियंत्यांना लेपाच्या आणि पहिल्या चार्जिंगच्या विभागात प्रवेश आहे का? सदोष सेलची चिकित्सा तिथेच होते, की नमुने मुख्यालयात पाठवले जातात? सामग्री स्थानिक पुरवठादाराकडून घेण्यासाठी त्याची चाचणी करण्याचे बंधन करारात आहे का? स्थानिक विद्यापीठाला कारखान्याची खरी आकडेवारी मिळते का? ही कलमे करारात लिहून घेता येतात आणि अनुदानाचा प्रत्येक हप्ता त्यांच्याशी जोडता येतो. ती नसतील तर शंभर गिगावॉट-तासांचा कारखानाही त्या देशाला फारसे काही शिकवत नाही.

रसायन बदलेल, मग आज शिकलेले वाया जाईल, अशी शंका काढली जाते. सोडियम-आयन सेल चीनमध्ये मोटारींत बसू लागले आहेत. त्यांत लिथियम नाही आणि ॲनोडच्या बाजूलाही तांब्याऐवजी ॲल्युमिनियमचा पत्रा चालतो. पण लगदा, लेप, वाळवण, दाब, गुंडाळी, पहिले चार्जिंग हा क्रम बराचसा तोच राहतो. ज्याचा हात एका रसायनावर बसला त्याला दुसऱ्यावर जाणे जमते. ज्याने केवळ बंदिस्त रांग विकत घेतली त्याला प्रत्येक वेळी नवी रांग विकत घ्यावी लागते.

आणि शेवटी भंगाराचा प्रश्न. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार २०३१ पासून नव्या विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांत १६ टक्के कोबाल्ट आणि प्रत्येकी ६ टक्के लिथियम व निकेल हे पुनर्वापरातून आलेले असावे लागेल, आणि फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनाच्या प्रत्येक बॅटरीला तिची जन्मकुंडली सांगणारा डिजिटल पासपोर्ट लागेल. युरोपला माल विकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला हे पाळावे लागणार आहे. वापरलेल्या मोटारींच्या बॅटऱ्या मोठ्या संख्येने परत यायला अजून काही वर्षे लागतील, परंतु नव्या सेल कारखान्याचे सुरुवातीचे भंगार आजच हाती येते. त्यातून निघणाऱ्या काळ्या भुकटीत निकेल, कोबाल्ट, लिथियम असते, आणि शुद्धीकरणाची सोय नसलेले देश ती बाहेर पाठवतात, म्हणजे महागात आणलेले खनिज स्वस्तात परत जाते. सेलच्या पहिल्या लहान रांगेला परवानगी देतानाच तिच्या शेजारी त्या भुकटीचे शुद्धीकरण करणारा छोटा कारखाना आणि त्यातून कॅथोडची सामग्री पुन्हा घडवणारी प्रयोगशाळा यांची तरतूद करता येते. यील्ड ७० टक्क्यांवर अडकलेले असते त्या कठीण दोन-तीन वर्षांत, टाकून दिलेल्या प्रत्येक सेलमध्ये नेमके काय बिघडले होते हे उलगडून पाहण्याचे कामही तिथल्याच तरुण रसायनशास्त्रज्ञांना मिळते.